‘पॉप’ची पेटी: नागपुरातल्या एका उन्हाळी कामाच्या नोंदी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात शनिवार-रविवारी मुलांसाठी लहानसं वाचनालय चालतं. मराठी माध्यमातली सहावी-सातवीची पंधरा-वीस मुलं येतात. एप्रिलमध्ये एका मुलीनं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक पुढे धरून विचारलं, “सर, पॉप म्हंजे काय?” चित्रात फुगा फुटत होता. मी म्हणालो, “फट्.” दोन पानं उलटून ती परत आली. तिथे मांजर खोक्यातून डोकं बाहेर काढत होतं आणि शब्द तोच होता. “इथं काय फुटलं सर?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ठरवलं की या एका शब्दाची पेटी करायची. हात घालून वस्तू बाहेर काढायच्या, बटण दाबून आवाज ऐकायचे आणि शेवटी कार्डं वाचायची. कुणाला दुसऱ्या एखाद्या शब्दाची अशी पेटी करायची असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी. चुकाही लिहिल्या आहेत, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यातच गेला.

४ मे

जुन्या बाजारातून चहाच्या नमुन्यांची लाकडी पेटी मिळाली, २५० रुपयांना. आत सहा कप्पे. एका बिजागरीचा खिळा निघालेला होता, तो बसवला. कप्प्यांत काय ठेवायचं ते ठरलं: फुगा, मक्याची लाही, सोड्याची बाटली, बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद, आणि पाचवा ‘पॉप गाणं’. सहावा रिकामा ठेवला. पाचवा कप्पा चुकला होता, पण ते जूनमध्ये कळलं.

७ मे

आज लाह्यांचा आवाज घ्यायचा होता. इतवारीतून ४० रुपयांचा पिवळा मका आणला आणि कढईत घातला. दाणे तपकिरी झाले, मग काळे. चार-दोन चिरले, बाकी तसेच. पेटीतला पहिला आवाजच मिळाला नाही.

चूक माझी. पिवळा दिसला की लाहीचा मका, असं मी धरून चाललो होतो. लाहीच्या मक्याची जात वेगळी असते. त्याचं टरफल इतकं घट्ट असतं की आतली वाफ कोंडून राहते. साध्या मक्याचं टरफल ही कोंडी धरत नाही. वाफ हळूहळू निसटून जाते, दाणा फक्त भाजतो. कोंडी नाही तर पॉप नाही. शब्दाच्या अर्थाचा पहिला धडा मला या करपलेल्या कढईनं दिला. पॉप हा कुठल्याही फुटण्याचा आवाज नाही. आत दाबून धरलेलं काहीतरी एका झटक्यात सुटलं की होतो तो पॉप.

१० मे

घरात लाहीचा मका होता, पण बरणी दिवाळीनंतर उघडली ती धड बंदच झाली नव्हती. शंभर दाण्यांत साठ फुटले, चाळीस गणंग. फुटले तेही अर्धवट, आवाज मंद.

शेजारच्या आजी ओसरीवरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, कोरडे ठक्क झाले ते दाणे. आम्ही जवारीले आदल्या राती पाण्याचा हबका मारून फडक्यात बांधून ठेवत होतो. मंग कशी टिचकन फुटते ते पाहा.”

आजींची रीत आणि शास्त्र इथे तंतोतंत जुळतं. दाण्यात साधारण १४ टक्के ओलावा लागतो. दाणा १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की आतल्या पाण्याच्या वाफेचा दाब टरफलाला पेलत नाही. नागपूरच्या मे महिन्यातली हवा उघड्या बरणीतला ओलावा केव्हाच ओढून नेते. पाव किलो दाण्यांना एक लहान चमचा पाणी लावून, बरणी घट्ट बंद करून, दिवसातून दोनदा हलवत तीन दिवस ठेवली. त्या बरणीवर न विसंबता ९० रुपयांचं नवं पाकीटही आणलं. त्याची गरज पडली नाही असं नाही, रेकॉर्डिंगच्या सरावात ते संपलं.

१२ मे

आवाज घेताना तीन अडचणी एकदमच आल्या. पहिली कूलर. दुपारी चार वाजता कूलर बंद करून पाहिला. माणूस दहा मिनिटं टिकत नाही आणि शेजारच्या दोन घरांतले कूलर भिंतीतून घरघरतातच. दुसरी रस्त्यावरचे हॉर्न. तिसरी माझी स्वतःची: माईक कढईच्या अगदी जवळ धरला, त्यामुळे प्रत्येक लाहीचा आवाज टोकाला कापला जाऊन ‘कर्र’ असा उमटला.

उपाय साधा निघाला, पण झोपेची किंमत मोजून. पहाटे साडेचारला उठलो. त्या वेळी महालातही शांतता असते. माईक दोन हात लांब ठेवला, फोनवर आवाजाची पातळी निम्म्याहून खाली आणली. सुरुवातीचे वीस आवाज स्वच्छ मिळाले. नंतर कोकिळा सुरू झाली. ती काढून टाकली नाही, एका तुकड्यात राहू दिली.

लाही फुटताना नेमकं काय वाजतं, यावर फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये काम प्रसिद्ध केलं आहे. त्यांनी वेगवान कॅमेरा आणि माईक एकत्र लावले. टरफल तडकणं किंवा दाणा भांड्यावर उडून आपटणं हे आवाजाचं कारण नव्हे, कोंडलेली वाफ बाहेर पडते तेव्हा पॉप होतो, असं त्यांना दिसलं. ७ तारखेला करपलेल्या कढईसमोर मला जे जाणवलं होतं त्याला असा आधार मिळाला, याचा मनापासून आनंद झाला.

१३ मे

सोडा. २० रुपयांची एक, अशा गोटी सोड्याच्या चार बाटल्या आणल्या.

इथे शब्दाचा इतिहास हाताशी येतो. इंग्लंडमध्ये सोड्यासारख्या फसफसणाऱ्या पेयालाच ‘पॉप’ म्हणू लागले. १८१२ मध्ये रॉबर्ट साउदी या कवीनं एका पत्रात अशा नव्या पेयाचा उल्लेख करून नावाचं कारणही दिलं आहे: बूच काढताना तसा आवाज होतो म्हणून. आपली गोटीची बाटली त्यानंतरची. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्यानं १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तिला बूच नसतंच. आतल्या वायूच्या दाबानं काचेची गोटी मानेतल्या रबरी कड्याला घट्ट चिकटून बसते.

पहिल्या तीन बाटल्या उघडताना मी एक चूक केली. आवाज पूर्ण घेतला आणि तसाच ठेवला. ऐकवल्यावर मुलांनी पॉप म्हणजे ‘फस्स’ असं सांगितलं! त्यांचं बरोबर होतं. आधी फट्, मग लांब फस्स, शेवटी गोटीचं टिण्. लांबलेला आवाज कानात राहतो आणि छोटा हरवतो. चौथी बाटली उघडून फक्त पहिला क्षण कापून घेतला. उरलेलं फसफसणं वेगळ्या तुकड्यात ठेवलं, कारण इंग्रजीत त्याला स्वतःचा शब्द आहे, ‘फिझ’. पेटी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ध्वनिशब्द ऐकवताना आवाज कुठे कापायचा, यावर अर्थ ठरतो.

१७ मे

सगळ्यात मोठा तोटा आजचा. सीताबर्डीवरून आवाज साठवणारी दोन तयार मॉड्यूल आणली होती, आयएसडी १८२० चिपची, १८० रुपयांना एक. एक बटण दाबून आवाज भरायचा, दुसरं दाबून ऐकायचा. सोपं वाटलं.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, “सर, हे तं ढोलकीवर थाप मारल्यासारखं वाजून राहिलं.” खरंच, फट्चा ‘थप’ झाला होता. कारण शोधायला संध्याकाळ गेली. दहा सेकंद आवाज साठवायच्या जोडणीत ही चिप २.६ किलोहर्ट्झच्या वरचं जवळपास काहीच ठेवत नाही. माणसाचं बोलणं तेवढ्यात भागतं. पॉपचा सगळा टोकदारपणा मात्र त्याच्या वर असतो. तो गेला की शब्दच बदलतो.

दुसऱ्या मॉड्यूलचं लाल बटण शेजारच्या चिमुरड्यानं दाबलं आणि भरलेला आवाज पुसून त्यावर स्वतःचं हसू भरून ठेवलं. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूवर भरायचं बटण उघडं ठेवूच नये. ३६० रुपये आणि चार दिवस गेले.

२० मे

रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका दादांनी सुचवल्यावरून मेमरी कार्डवर चालणारं लहानसं एमपी३ मॉड्यूल घेतलं. मॉड्यूल १५०, स्पीकर ६०, कार्ड २५०, बटणं ५०, सेल आणि त्यांचा डबा १२०. जोडणी त्यांनीच करून दिली, पैसे घेतले नाहीत. आता फट् हा फट्च वाजतो.

एक गंमत मात्र राहिली. पेटी चालू केली की स्पीकरमधून आपोआप छोटा ‘टप्’ येतो. दादा म्हणाले, “हा पॉपच आहे सर. आमच्या धंद्यात यालेच पॉप म्हणतात.” स्पीकरला वीज मिळताना पडदा एकदम ढकलला जातो, त्याचा तो आवाज. काढायचा म्हणून दोन तास घालवले, मग थांबलो. पेटीनं स्वतःच शब्द उच्चारावा, यापेक्षा चांगलं काय हवं?

२२ मे

शब्दाचा उच्चार रेकॉर्ड करायला बसलो आणि माईकनं तो नीट घेतलाच नाही. “पॉप” म्हटलं की दोन्ही वेळा ‘भप्’ असा धक्का. प म्हणताना ओठ मिटतात, मागे हवा कोंडते, ओठ उघडले की ती झोतासारखी सुटते आणि माईकच्या पडद्यावर आदळते. स्टुडिओत या धक्क्याचंही नाव पॉपच आहे आणि तो अडवायला माईकसमोर जाळी लावतात, तिला पॉप फिल्टर म्हणतात.

बायकोच्या भरतकामाच्या कड्यात जुन्या ओढणीचं पातळ कापड ताणून माईकपुढे चार बोटांवर उभं केलं. खर्च शून्य. धक्का गेला.

या बिघाडानं मला जे दाखवलं ते मी पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवूनही मुलांना सांगितलं नव्हतं. लाही, बाटली आणि ओठ, तिन्ही ठिकाणी एकच घडतं: कोंडी आणि सुटका. पॉप हा शब्द आवाजाची नक्कल करतो, म्हणजे तोंड स्वतःच एक लहान बाटली होतं. पहिल्या प ला बूच उडतं, मधल्या ऑ ला तोंडाची पोकळी घुमते, शेवटच्या प ला ओठ पुन्हा बंद.

मुलांसाठी कागदाच्या पट्टीचा प्रयोग यातूनच सुचला. पट्टी ओठांसमोर धरून ‘पाणी’ म्हणा, ती जेमतेम हलते. ‘फळ’ म्हणा (दोन्ही ओठ मिटून, खालच्या ओठाला दात न लावता), ती उडते. इंग्रज माणूस ‘पॉप’ म्हणतो तेव्हाही पहिल्या प ला ती उडते, पण ‘स्पॉट’मधल्या प ला उडत नाही. शब्दाच्या सुरुवातीचा त्यांचा प आपल्या फ कडे झुकलेला असतो. त्यामुळे त्यांच्या पॉपमध्ये फुटण्याचा झोत जास्त ऐकू येतो आणि आपल्या तोंडी तो शब्द थोडा सपाट होतो. ही पट्टी पेटीच्या झाकणाला दोऱ्यानं बांधली आहे.

२६ मे

नवतपा सुरू. बाहेर पडणं अशक्य, म्हणून कार्डं लिहायला घेतली. तीनदा लिहून फाडली.

पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं: ‘पॉप म्हणजे मुळात फुटण्याचा आवाज, नंतर इतर अर्थ आले.’ कोश उघडल्यावर क्रम निराळा निघाला. १४०० च्या सुमारास इंग्रजीत हा शब्द दिसतो तो ‘ठोसा, फटका’ या अर्थानं. लहानशा स्फोटासारख्या तीव्र आवाजाचा अर्थ सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे येतो, पेयाचा १८१२ मध्ये आणि लाहीच्या मक्याचं ‘पॉपकॉर्न’ हे नाव त्याच्या थोडं पुढे. मारण्याचा आवाज आणि मार यांना एकच नाव मिळालं होतं.

मग आपल्याकडे पाहिलं. फट् वरून फटका. फट् वरून फटाका. आणि आमच्या वडिलांची पिढी मोटारसायकलला म्हणायची ती फटफटी. नातं तेच, आवाजाचं माराशी आणि वस्तूशी.

दुसरा मसुदा त्या मांजरापाशी अडला. खोक्यातून डोकं बाहेर काढताना काही फुटत नाही. इथे मराठीनंच सोडवणूक केली. आपण ‘पटकन ये’ म्हणतो तेव्हा पट असा कुठला आवाज होतो? ‘झटकन’, ‘चटकन’, ‘टपकन’, यांतले कितीतरी शब्द आवाजातून निघून वेगाचे झाले. इतक्या थोड्या वेळात आवाज होऊन संपतो की तो आवाजच वेगाची खूण होतो. इंग्रजीतही पॉप असाच सरकला. शेजारी ‘पॉप इन’ करतो म्हणजे पटकन डोकावून जातो. उघडताच चित्र उभं राहणारं पुस्तक ‘पॉप-अप’. आश्चर्यानं डोळे ‘पॉप’ होतात, आपले विस्फारतात. घाटातून उतरताना कानाचे दडे सुटतात, त्यालाही तेच क्रियापद.

तिसऱ्या मसुद्यात चूक व्याकरणाची होती. मी शब्दापुढे शब्द ठेवत होतो: पॉप म्हणजे फट्. पण इंग्रजी हा ध्वनी सरळ क्रियापद म्हणून वापरते, नाम म्हणूनही. मराठी एकेरी ध्वनीचं तसं क्वचितच करते (‘तडतडणे’सारखे दुहेरी ध्वनी वेगळे). आपण त्याला ‘कन’ किंवा ‘दिशी’ जोडतो आणि खरं काम दुसऱ्या क्रियापदाला देतो: फुगा फटकन फुटला, बूच फटदिशी उडालं, मांजर पटकन डोकावलं. म्हणजे एका पॉपसाठी आपल्याला दोन शब्द लागतात. त्यातला पहिला ऐकवतो, दुसरा दाखवतो. ही उणीव नाही. इंग्रजीत काय घडलं ते संदर्भावरून ओळखावं लागतं, मराठीत ते क्रियापदच सांगतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती नुसती चाळली तरी अशा ध्वनींचा केवढा साठा या भाषेत आहे ते दिसतं. तो आपण मुलांना पाठ्यपुस्तकातल्या चार-सहा उदाहरणांत आटोपून देतो, याचं वाईट वाटतं.

शेवटी कार्डावर अर्थ न लिहिता वाक्यं लिहिली, मराठीच. त्यांत पॉपच्या जागी ठळक अक्षरात आपले शब्द. तीच कार्डं ठेवली. कार्डशीट आणि शाई १५० रुपये.

१ जून

पाचवा कप्पा रिकामा केला. ‘पॉप संगीत’मधला पॉप हा आवाज नाही, तो ‘पॉप्युलर’चा तुकडा आहे आणि त्याचं मूळ लॅटिनमधलं ‘पॉप्युलुस’, म्हणजे लोक. वडिलांना ‘पॉप’ म्हणतात ते पापा वरून. खसखशीच्या फुलाचं ‘पॉपी’ हे नाव लॅटिन ‘पापावेर’ वरून. सारखे दिसले म्हणून सारखे मानले, ही शिक्षकानं करू नये अशी चूक मी केली होती. छापलेलं एक कार्ड फाडावं लागलं.

तरी एक अपवाद सांगण्याजोगा आहे. एदुआर्दो पाओलोत्सी या शिल्पकारानं १९४७ मध्ये मासिकांची कात्रणं चिकटवून एक चित्र केलं. त्यात पिस्तुलातून निघालेल्या पांढऱ्या ढगात ‘पॉप!’ असं लिहिलेलं आहे. पुढे १९५० च्या दशकात ज्या कलेला लोकप्रियतेवरून ‘पॉप आर्ट’ नाव पडलं, तिच्या पहिल्या कामांत हे चित्र धरतात. आवाजाचा पॉप आणि लोकांचा पॉप असे एकाच कागदावर येऊन बसले. मोठ्या मुलांसाठी हे वेगळ्या कार्डावर घेतलं.

१५ जून

पेटी पहिल्यांदा मुलांपुढे. बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद १२० रुपयांचा आणला होता, महिनाभर पुरेल या हिशेबानं. वीस मिनिटांत एकही बुडबुडा शिल्लक नव्हता. आता प्रत्येकाला करंगळीएवढी एक पट्टी, आणि फोडण्याआधी आपण तिला मराठीत काय म्हणणार ते सांगायचं. हा कागद १९५७ मध्ये अमेरिकेत दोघांनी भिंतीवर लावायचा नक्षीचा कागद म्हणून बनवला होता, हे ऐकून मुलं भिंतीकडे बघत राहिली.

फुग्याला बहुतेकांनी ‘फट्’ म्हटलं, बुडबुड्याला ‘टप्’ आणि ‘टुच्’, लाहीला ‘टिच्’. आजींचं ‘टिचकन’ कुणी शिकवलं नव्हतं, ते मुलांच्या कानातूनच आलं.

एकूण खर्च १७२० रुपये. त्यातले ४०० साधा मका आणि दोन मॉड्यूलमध्ये वाया गेले. शाळा उघडण्याआधी काम संपवायचं होतं, ते जमलं.

२२ जून

मांजराचा प्रश्न विचारणारी मुलगी आज सहावा कप्पा उघडून विचारत होती, “हा रिकामा काऊन ठेवला सर?” मग स्वतःच म्हणाली, “फोडणीतली मोहरी पॉप करते का?”

करते. इंग्रजी पाककृतींत मोहरीसाठी हाच शब्द वापरतात. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन टरफल तडकतं, म्हणजे इथेही कोंडी आणि सुटका. आपण मात्र एकेका दाण्याकडे बघत नाही, सगळ्या मोहरीचा मिळून ‘तडतड’ ऐकतो. कार्ड तिनंच लिहिलं. रेकॉर्डिंग उद्या पहाटे पाचला, तिच्या घरी. तिच्या आईचा निरोप आहे की लोखंडी पळी आणा आणि तेल चांगलं तापू द्या, नाहीतर मोहरी नुसती तळाशी बसून राहते.